जिथं अजून कुणी नाही

"मॅडम, पण तिथं तर कुणीच नाही की!"

हातात हूप घेऊन उभी असलेली एखादी पोरगी दरवर्षी मला हे म्हणतेच. आमच्या नांदूरघाट गावातल्या मैदानावर मी फक्कीनं तेरा मीटर लांब, तेरा मीटर रुंद चौकोन आखलेला असतो. रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या कार्पेटचं माप तेवढंच. पाचजणी पाच जागी उभ्या असतात आणि मी सांगत असते, "मैत्रीण आत्ता कुठं आहे ते बघू नका. सहा म्हणेपर्यंत ती जिथं पोचणार आहे, तिथं फेका."

हूप आम्ही पाण्याच्या काळ्या पाइपाचे करतो. स्पर्धेतल्या हूपचा आतला व्यास 80 ते 90 सेंटिमीटर आणि वजन किमान 300 ग्रॅम लागतं. पाइपाची टोकं गरम पाण्यात मऊ करून जोडणीत बसवली की गोल तर होतो, पण जोडापाशी वजन जास्त भरतं आणि हवेत गेला की तो त्या अंगाला कलतो. मग जोडाच्या बरोबर समोर चिकटपट्टीचे वेढे द्यायचे, हूप बोटावर अडकवून पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि कुठल्याही एका जागी तो थांबेनासा झाला की समजायचं, तोल जमला. पोरींना हे काम आवडतं. आपण तोललेला हूप दुसरीच्या हातात जाणार आहे, हे त्यांना तिथंच कळायला लागतं.

मी सात वर्षांची असताना वडिलांनी मला ठाण्याला आत्याकडं शिकायला ठेवलं. रिदमिक जिम्नॅस्टिक्सची मला ओळख झाली ती तिथं. गावात मी लेझीम खेळणाऱ्या मोठ्या मुलींच्या मागं मागं नाचायची, तेवढीच पुंजी होती. ठाण्यात पहिल्यांदा रिबन पाहिली. लहान मुलींची थोडी आखूड असते, मोठ्यांची सहा मीटर. साटीनची फीत हातातल्या काठीमागं सापासारखी वळत जायची. ती एक क्षणही मरगळून चालत नाही आणि तिला जराही वारा सोसत नाही. म्हणून मे महिन्यातही सरावाच्या वेळी पंखे बंद असायचे. घामानं तळवे ओले व्हायचे, ते पुसून आम्ही पुन्हा काठी धरायचो. सुट्टीत गावी आले की आजीच्या जुन्या लुगड्याचा काठ काठीला बांधून खळ्यात सराव करायची. मराठवाड्याच्या उन्हाळी वाऱ्यात ती फीत सावरता आली, म्हणून पुढं बंद हॉलमध्ये तिची भीती वाटली नाही.

एकटीचा खेळ सव्वा ते दीड मिनिटाचा. गटाचा सव्वादोन ते अडीच मिनिटांचा. पूर्वी गटात सहाजणी असत, 1995 पासून पाच झाल्या. पाहणाऱ्याला वाटतं, पाचजणींनी एकसारखं नाचायचं, एवढंच. पण गटाचा सगळा जीव अदलाबदलीत आहे. त्याला आम्ही एक्स्चेंज म्हणतो. पाच हूप एकदम हवेत जातात आणि प्रत्येकीच्या हातात दुसरीचा येतो. हूप अंगठ्याच्या बेचक्यात धरायचा, जोर गुडघ्यातून काढायचा, कोपर वाकू द्यायचं नाही, हात डोळ्यांच्या वर गेला की सोडायचा. मधल्या दोन-तीन सेकंदांत गिरकी किंवा कोलांटी घेऊन आपली नवी जागा गाठायची.

बारा-तेरा वर्षांची असताना एका स्पर्धेत माझ्यामुळं आमचा खेळ बिघडला. माझी फेक त्या दिवशी फार सुरेख गेली होती. ती बघत मी अर्धा क्षण जास्त थांबले आणि माझ्यासाठी आलेला हूप माझ्या पुढ्यात पडून कार्पेटबाहेर घरंगळत गेला. कोच रागावल्या नाहीत. शूज सोडत होते तेव्हा शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "फेकलेला हूप आपला राहत नाही. दुसरीनं आपल्यासाठी फेकलाय तो आपला." पुढं दोन वर्षांनी आमचा गट राज्यात पहिला आला. त्या दिवशी मी फेकलेला एकही हूप मला दिसला नाही. झेललेले सगळे मात्र अजून हाताला आठवतात.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ 1984 साली आला, पण गट यायला 1996 चं अटलांटा उजाडावं लागलं. तिथलं पहिलं सुवर्ण स्पेनच्या सहा मुलींनी जिंकलं. एका वेळी कार्पेटवर पाचजणी, वयं पंधरा ते सतरा. स्पेनचे गुण 38.933, बल्गेरियाचे 38.866. एखादीची टाच जरा लवकर टेकली असती तर पदकाचा रंग बदलला असता. त्या सहाजणींतल्या तानिया लामार्काला पुढं वजनाच्या कारणावरून संघाबाहेर व्हावं लागलं. जगज्जेतीची कारकीर्दही अशी चार पावसाळ्यांत आटोपते. सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवात होते, विशी ओलांडता ओलांडता निरोप. 2024 ला पॅरिसमध्ये चीनच्या मुलींनी गटाचं सुवर्ण घेतलं, युरोपाबाहेर गेलेलं ते पहिलंच. तो खेळ बघताना मी घरात उभी राहिले होते.

आपल्या महाराष्ट्राच्या मुलींनी या खेळात खूप केलं आहे. 2010 च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत ठाण्याची पूजा सुर्वे भारताकडून उतरली. ठाण्याच्याच संयुक्ता काळेनं 2022 मध्ये पंचकुल्याच्या खेलो इंडियात पाच सुवर्णपदकं घेतली. पण राष्ट्रकुलात पाचजणींचा गट नसतो. तिथं संघाचे गुण म्हणजे एकेकीच्या गुणांची बेरीज. बेरजेत प्रत्येक आकडा आपापल्या जागी पूर्ण असतो. गटात कुणीच एकटी पूर्ण नसते, आणि मला शिकवावंसं वाटतं ते हेच.

म्हणून मी गावी परत आले. आमच्याकडच्या पोरींच्या अंगात संघाचा खेळ मुरलेला आहे. 2025 चा खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आमच्या केज तालुक्यातली. पाठीमागून खो मिळाला की मान न वळवता उठायचं, ही सवय आमच्या प्रत्येक शाळेच्या मैदानावर आहे. तोच विश्वास मी हवेत न्यायला शिकवते.

अडचण येते दिवाळीच्या सुमाराला. ऊसतोडीला टोळ्या निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पोरी आईबापाबरोबर जातात. काही मागं आजीकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, तर काही थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आमच्या पाचांतून दोन जागा रिकाम्या होतात. पहिल्या वर्षी मी चौकोन लहान केला, तिघींचाच खेळ बसवला. गेलेल्या दोघी परत आल्या तेव्हा कडेला उभ्या राहून बघत राहिल्या. त्यांना शिरायला जागाच नव्हती. ती चूक माझी होती.

आता चौकोन तेवढाच ठेवते. रिकाम्या दोन जागांवर फक्कीचे गोल काढते आणि त्यांच्या वाट्याचे हूप तिकडंच फेकायला लावते. ते मातीत पडतात, घरंगळतात, पोरी उचलून आणतात आणि पुन्हा फेकतात. एक-दोन-तीन-चार-पाच-सहा.

गेल्या चैत्रात एक पोर साखर कारखान्याच्या फडावरून रात्री गावात आली आणि सकाळी तडक मैदानावर. हातांवर पाचटाचे ओरखडे, अंगावर प्रवासाचाच फ्रॉक. चपला काढून ती आपल्या गोलात जाऊन उभी राहिली. मी मोजायला लागले. पाच महिने मातीत पडणारा तो काळा हूप सहाव्या आकड्याला तिच्या हातात आला. फेकणाऱ्या पोरीनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. ती तिच्या पुढच्या जागेकडं निघाली होती.