अब्बांची बंदूक आणि आमचे बिऱ्हाड

कोकणातल्या काही मुस्लिम घरांत अजूनही एखादी जुनी परवान्याची बंदूक असते. रानडुकरे आणि वानरे पळवून लावण्यासाठी वडीलधाऱ्यांनी घेतलेली. आमच्याकडे अब्बांच्या नावावर बारा बोअरची एकनळी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले घर बंद करून पुण्याला जायचे ठरले, तेव्हा भांडी, कपाटे, पुस्तके यांची सोय लगेच झाली. अडले ते बंदुकीपाशी.

अम्मींना धास्ती होती, "वाटेत कुणी अडवले तर? आपली नावे ऐकून लोक काय समजतील?" कुणी म्हणाले, चुलत्यांकडे ठेवा. कुणी म्हणाले, विहिरीत टाकून मोकळे व्हा. दोन्ही सल्ले मायेचे होते, पण भलतेच धोक्याचे. परवाना नसलेल्याच्या हाती हत्यार देणे हा शस्त्र अधिनियम, 1959 नुसार गुन्हा आहे. आणि नोंदीतली बंदूक विहिरीत टाकली तरी नोंदीतून जात नाही; तिचा जाब अब्बांनाच द्यावा लागला असता.

मग आम्ही परवानाच नीट वाचायला घेतला. मुदत शिल्लक आहे का, यूआयएन क्रमांक आहे का, बंदुकीवरचा क्रमांक जुळतो का आणि परवाना कोणत्या क्षेत्रासाठी आहे, हे पाहिले. परवाना फक्त जिल्ह्यापुरता असेल तर हद्द ओलांडण्याआधी परवानगी लागते. आमचा राज्यभर चालणारा होता. निघण्यापूर्वी पोलीस ठाण्यात लेखी कळवून अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली.

सामान टेम्पोतून गेले, बंदूक नाही. परवाना ज्याच्या नावावर, त्याच्याच ताब्यात ती राहिली पाहिजे. म्हणून पंचाहत्तरीचे अब्बा स्वतः गाडीत बसले. बंदूक रिकामी करून पेटीत, काडतुसे वेगळ्या डब्यात आणि मूळ परवाना त्यांच्या खिशात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नंगी तलवार एकमेकांच्या हाती देण्यास मनाई केली आहे. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके धरून ठेवावीत, अशीही शिकवण आहे. आपल्या हत्याराने कुणाला ओरखडाही उठू नये, हा त्यामागचा विचार. रिकामी नळी आणि बंद पेटी हे त्याचेच आजचे रूप.

पुण्यात पोहोचल्यावरही काम उरले होते. राहण्याचे ठिकाण तीस दिवसांपेक्षा जास्त बदलले आणि हत्यार सोबत नेले, तर तीस दिवसांच्या आत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना कळवावे लागते. आमच्या बाबतीत तिकडे जिल्हाधिकारी आणि इकडे पोलीस आयुक्त. मागणी होताच परवाना व बंदूक दाखवून नवा पत्ता नोंदवून घ्यायचा असतो. दोन-तीन खेपा झाल्या, पण नोंद झाली आणि अम्मींचा जीव भांड्यात पडला.

आमच्या शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची ठासणीची बंदूक पीकसंरक्षणासाठी होती. शेतीच सोडल्यावर ती शहरात नेण्याला कारण उरले नाही. त्यांनी ती रीतसर पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही अशी बंदूक ठेवता येते.

एक गोष्ट घराघरांत आजच बोलून ठेवावी. परवानाधारकाचा इंतकाल झाला की त्याचा परवाना वारसांच्या उपयोगाचा राहत नाही. बंदूक विनाविलंब जमा करावी; ठेवायची असेल तर वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करावा. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून परवाना कुठे ठेवला आहे हे मुलांना आधीच सांगून ठेवा. हत्यार हीदेखील अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब चोख असावा लागतो.