उकरलेली माती

पहाटे पाचच्या सुमारास कोल्हापूर-सांगलीकडच्या जुन्या तालमीत पाऊल टाकलं की आधी कानावर येतो तो फावड्याचा आवाज. शड्डूचा आवाज नंतर. हौदातली माती रात्रभरात बसलेली असते, आदल्या दिवशीचा घाम मुरून आवळलेली असते. ती या काठापासून त्या काठापर्यंत उकरून, ढेकळं फोडून, सारखी केल्याशिवाय कुणी कुणाच्या अंगाला हात लावत नाही. कालपरवा आलेला पोरगा उकरतो आणि मैदानं मारलेला मल्लही उकरतो. पाहणाऱ्याला त्यात मेहनत दिसते, आणि ती आहेच. खांदे आणि कंबर त्यानं मोकळी होतात. पण या कामाचा खरा अर्थ मला दुसरा वाटतो. थोड्या वेळानं जोडीदार ज्या जागी आदळणार आहे, ती जागा मल्ल आपल्या हातानं मऊ करून ठेवत असतो. आपण कुठं पडणार हे त्यालाही ठाऊक नसतं, म्हणून तो सगळा हौद उकरतो. तालमीत ज्याला आपण रीत म्हणतो ती कुस्तीला बाहेरून लावलेली झालर आहे, असं आजकाल पुष्कळांना वाटतं. मला ते मान्य नाही. रीत ही डावांइतकीच कुस्तीची विद्या आहे, आणि तिच्यावाचून डाव शिकताच येत नाहीत.

याचं कारण कुस्तीच्या स्वभावातच आहे. जोर एकट्यानं मारता येतात, बैठका एकट्यानं होतात, मल्लखांबावर पकडही पक्की करता येते. पण धोबीपछाड शिकायची तर आपल्या खांद्यावरून जाणारा एक हात लागतो आणि त्या हातामागे अख्खा माणूस लागतो. तो माणूस पाठीवरून उलटा होऊन मातीत पडतो, उठतो, माती झटकतो आणि पुन्हा हात देतो. एखादा डाव अंगात मुरायला शेकडो वेळा करावा लागतो. म्हणजे कुणालातरी शेकडो वेळा पडावं लागतं. ढाकेला दुसऱ्याची मान लागते, एकलंगीला दुसऱ्याचा गुडघा, आणि मान काय, गुडघा काय, एकदा गेला की परत पहिल्यासारखा होत नाही. शिकणारा मल्ल रोज पहाटे दुसऱ्याचं अंग उसनं घेतो आणि आपलं देतो. उसनं घेतलेली वस्तू धड परत करायची असते, ही घरोघरची साधी गोष्ट आहे. तालमीचे सगळे नियम या एका व्यवहारातून निघाले आहेत, असं मी मानतो. जपानमध्ये कानो जिगोरो यांनी 1882 साली कोदोकान काढून ज्युदोची घडी बसवली, तेव्हा त्यांच्याही शिक्षणात आधी पडायला शिकणं होतं, आणि परस्परांचं भलं हे तत्त्व त्यांनी उघड शब्दांत मांडलं. आपल्याकडे ते कुणी भिंतीवर लिहिलं नाही. ते फावड्यात, लंगोटात आणि सलामीत घालून ठेवलं.

सलामीच घ्या. मल्ल हौदात उतरताना वाकतो, मातीला हात लावतो, तो कपाळाला नेतो. मारुतीला नमस्कार, वस्तादांना नमस्कार. मग जोडीदारासमोर येऊन हात देतो, आणि इथं जे होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. खडाखडीत तो मूठभर माती उचलतो, समोरच्याच्या दंडावर, मानेवर, खांद्यावर टाकतो; समोरचा त्याच्या अंगावर टाकतो. घामानं निसरडं झालेलं अंग मातीनं कोरडं होतं आणि पकड बसते. तेल चोपडून हौदात येणं लबाडी समजतात, कारण मग हात निसटतो. म्हणजे जो मला पाडायला आला आहे त्याला मला नीट धरता यावं, याची सोय मी मुकाट्यानं होऊ देतो. एवढी मोठी गोष्ट दोन सेकंदांत उरकते आणि बघ्याला ती नुसती धूळफेक वाटते. नखं काढलेली असणं, हातात कडं किंवा गळ्यात साखळी नसणं, वहाणा बाहेर, लंगोट धुतलेला, अंगावर गजकर्ण उठलं असेल तर बरं होईपर्यंत हौदाबाहेर जोर-बैठका, हे सगळं याच हिशोबातलं. मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालतात त्यातही मातीला ओल आणि मऊपणा राहावा, खरचटलेली कातडी चिघळू नये, हा वापरातून आलेला शहाणपणा आहे. ही माती पवित्र मानतात. मीही मानतो, आणि ती तशी मानल्यामुळे तिच्यात कुणी थुंकत नाही, हा त्यातला मला सगळ्यात पटणारा भाग आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: हे सगळं यांत्रिक होतं, पोरं सवयीनं हात लावतात, मनात काही नसतं. बरोबर आहे. पहाटे पाचला कुणाच्याच मनात फार काही नसतं. कुणी झोपेत असतो, कुणाचा घरी वाद झालेला असतो, कुणाला कालची हार डाचत असते. म्हणूनच रीत लागते. मन ताळ्यावर असेल तेव्हा माणूस नियमाशिवायही नीट वागतो. ते नसेल त्या दिवशी हाताला लागलेलं वळण जोडीदाराची मान वाचवतं. वस्ताद ‘सोडा’ म्हणाले की हात सुटलाच पाहिजे, मग डाव कितीही जमत आलेला असो. राग आलेल्या पोराला त्या क्षणी पटवून देता येत नाही. त्याचा हात आधीच शिकलेला असावा लागतो. काढलेलं नख मनात भाव नसला तरी बोचकारत नाही.

दुसरा आक्षेप गादीचा. जागतिक स्पर्धा गादीवर होतात, पदकं तिथं मिळतात, मग मातीच्या रीतीभाती कशाला जपायच्या? खाशाबा जाधव मातीतच घडले, 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीला गादीवरच त्यांनी कांस्यपदक घेतलं. गादीचा सराव हवाच, त्याला पर्याय नाही. आज महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते अखेरच्या लढतीत भेटतात. पण गादीवर रीत नसते हे कुणी सांगितलं? आंतरराष्ट्रीय कुस्तीत लढतीआधी पंच मल्लाची नखं बघतात, अंगाला तेलकट काही लावलंय का ते तपासतात, संसर्गजन्य त्वचारोग असेल तर उतरू देत नाहीत. सुरुवातीला आणि शेवटी हात मिळवावा लागतो, प्रतिस्पर्ध्याच्या प्रशिक्षकालाही हात द्यावा लागतो. आपल्या तालमीत वस्तादांच्या नजरेनं होतं ते तिथं नियमावलीनं होतं. शरीरं तीच, धोके तेच, त्यामुळे नियमही फिरून तिथंच आले. उकरायला गादीवर माती नाही, एवढाच फरक; त्याकडे मी शेवटी येतो.

सगळ्यात कठीण आक्षेप वस्तादांच्या शब्दाबद्दलचा आहे, आणि तो टाळून पुढं जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. पाया पडणं, उलट न बोलणं, मोठ्या मल्लाचं अंग रगडणं, त्याची थंडाई घोटणं, यातून जोडीदार जपला जातो की मालक आणि गडी तयार होतात? दोन्ही होऊ शकतं. 2023 साली देशाचं नाव काढलेल्या महिला कुस्तीगिरांना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं. जिथं वरच्याला प्रश्न विचारणं हीच बेअदबी मानली जाते, तिथं आदराच्या आडून काय काय चालू शकतं, ते साऱ्या देशानं पाहिलं. म्हणून प्रत्येक रीतीला एक प्रश्न विचारावा असं मला वाटतं: ही कुणाच्या अंगाला राखते? जी रीत हौदातल्या सगळ्यात कमकुवत अंगाला राखते ती विद्येचा भाग आहे. तिच्यात तडजोड नको. जी फक्त वरच्याचा मान राखते ती टाकली तरी कुस्तीचं काही बिघडत नाही. ‘सोडा’ म्हटल्यावर सोडणं पहिल्या जातीचं. दुखणं लपवून, वस्ताद रागावतील म्हणून मोडक्या बोटानं लढणं दुसऱ्या जातीचं. त्याला निष्ठा म्हणू नये. अंग रगडण्याचंही तसंच. दोघांनी एकमेकांचं रगडलं तर कुठली शीर कुठून जाते, कुठला स्नायू कधी आखडतो, हे बोटांना कळतं आणि डाव मारताना कामी येतं. लहानानंच मोठ्याचं रोज रगडायचं असेल तर ती चाकरी झाली. आणि वस्तादाचा मान खरा कशात दिसतो, तर मोठा मल्ल नवख्याला कसा खेळवतो त्यात. तो पन्नास किलोच्या पोरावर नव्वद किलोचं वजन टाकत नाही. पकड देतो, डाव अर्ध्यापर्यंत जाऊ देतो, पोराचा पाय चुकीच्या जागी पडला की तेवढ्यापुरता अडवतो, आणि डाव बरोबर बसला की स्वतः पडतो. एवढ्या ताकदीच्या माणसानं एका पोरासाठी पाठीवर पडणं हा हौदातला मला दिसलेला सर्वांत मोठा शिष्टाचार आहे. ज्या तालमीत वस्ताद हे बघतो आणि न करणाऱ्याला टोकतो, तिथं पाया पडायला मलाही संकोच वाटत नाही.

हीच कसोटी लावली की आणखी काही गोष्टी सरळ होतात. बाईची सावली हौदावर नको, ही समजूत कुणाच्या अंगाला राखत होती? कुणाच्याच नाही. मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली, आणि कुस्तीचं काही बिघडलं नाही. उलट, उघड्या अंगानं एकमेकांना भिडायचं म्हणजे जात-धर्म दारात ठेवावाच लागतो, ही रीत सगळ्यांना राखणारी आहे. शाहू महाराजांनी ज्या कोल्हापुरात कुस्तीला आसरा दिला, 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं, त्याच गावात आजही काही तालमींत गणपती आणि मोहरमचे पंजे एकाच जागी बसतात. तालीम ही पेठेची असते. तिथल्या फुटबॉलच्या संघांनासुद्धा तालमींचीच नावं आहेत, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, आणि पेठ त्या नावासाठी ओरडते. पोरगं हौदात कसं वागतं याची चौकशी पेठेत होते, आणि पेठेत कसं वागतं याची वस्तादाकडे. दोन्हीकडून बघणारे डोळे असल्यानं वस्तादही एकटा मालक होत नाही. बंद दाराआडच्या प्रशिक्षण केंद्रात ही सोय आपोआप मिळत नाही. ती मुद्दाम करावी लागते, पालकांना हौदाकाठी बसू देऊन, तक्रार ऐकणारं बाहेरचं माणूस नेमून.

आता गादीकडे. शहरांत आज फी घेऊन चालणारी कुस्तीची केंद्रं निघाली आहेत आणि निघावीत. सगळ्यांच्या वाट्याला हौद येणार नाही. तिथं एक गोष्ट मला खटकते. गादी रोज जंतुनाशकानं पुसली जाते, पण ती पुसायला वेगळा माणूस असतो. मुलं येतात तेव्हा ती कोरडी, स्वच्छ, तयार असते. सराव झाला की मुलं पिशव्या उचलून निघतात. डाव तेच शिकवले जातात, पण ज्या जागेवर मित्राचा गाल घासला जाणार आहे ती जागा आपण साफ करायची असते, हे त्यांच्या हातांना कधी कळतच नाही. पुसणाऱ्या माणसाला दुसरं काम देता येईल. सरावाच्या आधी दहा मिनिटं दोन बादल्या आणि वीस फडकी गादीच्या कडेला ठेवावीत. सगळ्यांनी एका रांगेत गुडघ्यावर बसून या काठापासून त्या काठापर्यंत पुसत जावं, आणि त्या रांगेत राज्याचं पदक आणलेला मुलगा काल नाव घातलेल्या मुलीशेजारी असावा. गादीचे तुकडे जिथं जुळतात तिथं घाम आणि केस साचतात. तिथं फडकं दोनदा फिरवावं लागतं.