वाडीतून उठून गेलेलं

मध्यरात्रीपासूनचा उपास. ख्रिस्तशरीर स्वीकारायचं तर आदल्या मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही घशाखाली उतरवायचा नाही. 1953 मध्ये पोप बारावे पायस यांनी पाणी मोकळं केलं, 1957 मध्ये उपास तीन तासांवर आणला. 1964 मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर. वसईची पहाटेची मिस्सा म्हणजे उपाशी माणसांची मिस्सा. ती सुटली की अख्ख्या आळीत एकाच वेळी चहाची आधणं चढत.

दुपारची घंटा. पहाटे आणि तिन्हीसांजेलाही ती व्हायची, पण दुपारची शेतात ऐकू यायची. केळीच्या वाडीत रहाट हाकणारा जनावर थांबवी, डोक्यावरचं फडकं काढी, मरियेची प्रार्थना पुटपुटे, पुन्हा कामाला लागे. रहाट गेला, पंप आला. पंपाच्या आवाजात घंटा ऐकू येत नाही. आता तर पुष्कळ ठिकाणी वाडीच नाही.

लाकडी खटखटं. पवित्र गुरुवारच्या मिस्सेत घंटा वाजून मुक्या होत, त्या पुनरुत्थानाच्या रात्रीपर्यंत. मधल्या काळात लाकडावर लाकूड आपटून लोकांना बोलवायचं.

मांसाशिवायचा शुक्रवार. 1966 मध्ये रोमने देशोदेशीच्या बिशपांना मुभा दिली: मांसत्यागाऐवजी दुसरं प्रायश्चित्त, दानधर्म ठरवता येईल. आपल्याकडे शुक्रवारी मासळी चालायचीच, आणि समुद्राकाठच्या माणसाला मासळी खाण्यात कसलं आलंय प्रायश्चित्त? त्या दिवसाचं खरं मोल वाचलेल्या पैशात होतं. तो पैसा गरिबाकडे जायला हवा, ही त्यातली शिकवण. मटण सोडणारे अजून आहेत. वाचलेला पैसा वेगळा काढून ठेवणारं घर शोधावं लागेल.

रविवारची सुटी. शेतकऱ्याला ती पाळता यायची. विरार लोकल पकडून पाळीच्या नोकरीला जाणाऱ्या मुलीला रविवार निवडता येत नाही. तिच्यासाठी शनिवारी संध्याकाळची मिस्सा आहे. मला तिचं कौतुक वाटतं. दिवसभर उभं राहून काम केल्यावरही ती चर्चची पायरी चढते.

दफनभूमीतला कोपरा. जुन्या चालीप्रमाणे बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना आशीर्वाद दिलेल्या मातीत जागा नसे. त्यांचा आत्मा ‘लिंबो’त जातो, तिथे दुःख नाही पण देवाचं दर्शनही नाही, असं शिकवलं जाई. बाळंतिणीला खाटेवर पडल्या पडल्या हे ऐकावं लागे. नऊ महिने पोटात वाढवलेलं मूल, आणि त्याच्यासाठी ना मिस्सा, ना मिरवणूक. बाप कुठल्या तरी वेळी फडक्यात गुंडाळून घेऊन जाई. 1917 च्या धर्मसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यालाही चर्चचं दफन नाकारलं जाई. त्याच्या घरच्यांनी दुःखाबरोबर शरमही वाहायची. 1983 च्या संहितेतून आत्महत्येची ती बंदी गेली. ज्यांना आईबाप बाप्तिस्मा देणारच होते अशा बाळांच्या अंत्यविधीला बिशप परवानगी देऊ शकतात, असंही तीत आलं. 2007 मध्ये रोमच्या धर्मतज्ज्ञांच्या आयोगाने लिहिलं की या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. या यादीतल्या बाकीच्या बहुतेक गोष्टींसाठी मी हळहळतो. हा कोपरा जायलाच हवा होता, फार आधी जायला हवा होता. त्या आया 2007 पर्यंत कुठे थांबणार होत्या?

नव्या भाताची लोंबी. ऑक्टोबरच्या सुमारास कापणीची पहिली कणसं वेदीपुढे यायची, फादर त्यांना आशीर्वाद द्यायचे. मुंबईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती या सणाला आगेरा म्हणतात. सण टिकलाय, शेतं इमारतींखाली गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले तेव्हा फादरांनी यात कशाला पडावं, असं विचारणारे होते. ज्या मातीतून लोंबी येते ती विकली जात असताना पाद्र्याने गप्प बसावं, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. दिब्रिटो 2024 मध्ये गेले.

लाल लुगडं, डोक्यावरून पदर. 1917 ची संहिता बायकांना चर्चमध्ये डोकं झाकायला सांगत होती, 1983 ची त्याबद्दल काही बोलत नाही. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती म्हाताऱ्यांनी कुठली संहिता वाचली नव्हती. पदर त्यांचा स्वतःचा होता.

लॅटिन. अर्थ न कळता पाठ केलेली उत्तरं, तरी एक अक्षर चुकत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, आणि वेदीवरचं बोलणं म्हाताऱ्यांना प्रथमच समजलं. लॅटिनसाठी मी रडणार नाही. मराठीत ख्रिस्त सांगणं तसं जुनंच: फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं, ओव्यांत. त्यानंतर 1684 मध्ये पोर्तुगीजांनी स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. सतराव्या शतकात ख्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या, आज त्यांतली एकही प्रत सापडत नाही. हस्तलिखितं लोकांनी जपली, म्हणून 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापता आलं.

मराठी मिस्सा. हीही आता यादीत घालावी लागतेय. मुलं इंग्रजी शाळेत, धर्मशिक्षणाचं पुस्तक इंग्रजी, पापनिवेदनही इंग्रजीत. नातू शेजारी बसून मोठ्याने उत्तरं देतो, आजी ओठ हलवते. तिने एकदा लॅटिन सोडून मराठी मिस्सा आत्मसात केली. आता तिला तिसरी भाषा शिकायला सांगू नये. रविवारची निदान एक मराठी मिस्सा, तिच्या गुडघ्यांना झेपेल अशा वेळी, प्रत्येक चर्चने ठेवावी.