मार्चअखेर आणि भगोरिया

धार आणि देवास जिल्ह्यांत वृद्धांच्या भावनांचा आणि उतारवयात मनात होणाऱ्या बदलांचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पाचा पैसा मी काही वर्षं सांभाळत होते. मुलाखती घ्यायला मुलं-मुली गावोगाव जायची. माझ्याकडे अंदाजपत्रक, हप्ते, व्हाउचरं, मानधनाची पत्रकं आणि वर्षअखेरचं उपयोगिता प्रमाणपत्र. या कामाला लोक कारकुनी म्हणतात. मला मात्र त्यातूनच कळलं की, पैसा कोणत्या महिन्यात हाती पडतो यावर वृद्धांच्या मनाविषयी आपल्याला काय कळणार हे बरंचसं ठरतं.

सरकारी अनुदान हप्त्यांनी येतं. आधीच्या हप्त्याचा हिशेब सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या १२-अ नमुन्यात सादर झाला की पुढचा हप्ता सुटतो. खात्यावर जमलेलं व्याजही सरकारजमा करायचं. एका शीर्षातली रक्कम परवानगीशिवाय दुसऱ्या शीर्षात वळवायची नाही. पैसा जनतेचा आहे, तेव्हा हे नियम हवेतच. अडचण होती ती महिन्यांची.

आमचा हप्ता बहुधा ऐन पावसाळ्यात यायचा. धारच्या कुक्षी, गंधवानी, डही या भागांत तेव्हा फिरणं कठीण. भिलांची घरं एकमेकांना लागून नसतात. ज्याचं त्याचं घर आपापल्या शेतात, टेकाडावर, आणि मधे ओढे. दिवाळी झाली की तरुण जोडपी मजुरीसाठी गुजरातची वाट धरतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या अंगावर टाकलेली नातवंडं. खरं तर हेच महिने त्यांच्याशी बोलण्याचे. पण तोवर मुलाखतकारांची नेमणूक आणि प्रशिक्षण यातच आम्ही गुंतलेले असायचो. मग फेब्रुवारी संपता संपता फोन सुरू व्हायचे: शिल्लक का दिसते, खर्च दाखवा.

नेमका तोच काळ भगोरियाचा. होळीच्या आधीच्या आठवड्यात हाट भरतात, ढोल-मांदल वाजतात, बाहेरगावी गेलेली मुलं-सुना घरी येतात. अंगण भरतं, घरात चार पैसे येतात. आमच्या प्रश्नावलीतले प्रश्न तर ‘गेल्या आठवड्यात’ अशा शब्दांनी सुरू व्हायचे: गेल्या आठवड्यात उदास वाटलं का, एकटं वाटलं का, झोप नीट लागली का. भगोरियाच्या दिवसांत वृद्धेने दिलेलं उत्तर खरंच असतं, पण त्या आठवड्यापुरतं. जानेवारीत तिच्या दारी जाऊन विचारलं असतं, तर कदाचित वेगळं काही ऐकू आलं असतं. मार्चअखेरच्या घाईत गोळा केलेली माहिती सगळ्या वर्षाची म्हणून छापली गेली, तर या डोंगरातलं म्हातारपण आहे त्याहून सुखी दिसेल, ही काळजी मला स्वस्थ बसू देईना.

देवासचं पंचांग निराळं. अठराव्या शतकात पवारांबरोबर माळव्यात आलेली मराठी घरं इथे अजून आहेत. बँक नोट प्रेसमधून निवृत्त झालेली मंडळी आहेत. पेन्शन आहे, फोन आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी. पहिल्या भेटीत इथे बहुतेक एकच उत्तर मिळायचं, ‘सगळं छान आहे.’ दुसऱ्या भेटीत एक आजी आमच्या मुलाखतकार मुलीला म्हणाल्या, ‘परत आलीस ना बाळ, बैस. आता सांगते.’

म्हणून परतभेटीचा खर्च वेगळा दाखवायचा, असं आम्ही ठरवलं. उपकरणांच्या शीर्षातली रक्कम प्रवासाकडे वळवायची परवानगी मागितली. पत्रात भगोरिया, स्थलांतर, पावसाळा सगळं कारणांसह लिहिलं. बराच पत्रव्यवहार होऊन मान्यता आली. त्यानंतर प्रत्येक घरी एक भेट थंडीत आणि एक होळी उलटल्यावर, असा क्रम लावता आला.

या विषयावर पैसा खर्चावा का, असं अजूनही विचारलं जातं. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांशी बोलणं झालं. साठीपुढच्यांपैकी ८.३ टक्के लोकांत गंभीर नैराश्याची लक्षणं आढळली. निदान झालेले मात्र एक टक्काही नव्हते. कुणी विचारलंच नाही, तर हे दुःख कुठल्याच नोंदीत येत नाही. दुसरीकडे, स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांची मांडणी अशी, की उरलेला काळ थोडा आहे हे जाणवलं की माणूस मनाच्या जवळच्या माणसांकडे आणि गोष्टींकडे वळतो, आणि पुष्कळांचं मन वयाबरोबर निवतं. पण जवळची माणसंच वर्षातले आठ महिने सुरतेला असतील, तर त्या मनाचं काय होतं? हे डहीच्या फळ्यांत, म्हणजे वस्त्यांवर, जाऊनच कळेल.

आणि विचारलं की जबाबदारी येते. जगणं नकोसं झालंय असं कुणी सांगितलं, तर खूण करून पुढच्या घरी जाता येत नाही. जिल्हा रुग्णालयापर्यंत सोबतीचं माणूस, गाडीभाडं आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावून देण्याइतका वेळ, हे सगळं अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून असावं लागतं. ‘याचा संशोधनाशी काय संबंध?’ असं लेखापरीक्षणात विचारलं गेलं, तेव्हा मी नैतिक समितीची मान्यता पुढे ठेवली. त्यात हे लिहून घेतलेलं होतं.

अनुदान देणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे. वृद्धांच्या मनावरच्या प्रकल्पाचा पहिला हप्ता दसऱ्याआधी खात्यात पडावा, शिल्लक पुढच्या वर्षात नेण्याची मुभा मंजुरीच्या पत्रातच असावी, आणि परतभेटीला स्वतःचं शीर्ष असावं. एवढं झालं, तर म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या सवडीने बोलता येईल, आणि त्यांचं ऐकून घेऊन काढलेल्या निष्कर्षांवर आपल्याला भरवसा ठेवता येईल.