चार फरश्या, एक खोली

शहाबादी फरशी थंड असते, हे उन्हाळ्याच्या दुपारी तिच्यावर पाठ टेकणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. पण त्या दगडात केवढा वायू बांधलेला आहे हे कळल्यापासून मला तिच्यावर पाऊल ठेवतानाही नवल वाटते. सोलापूरहून कलबुर्गीमार्गे वाडीकडे जाताना शहाबादच्या आसपास रचून ठेवलेल्या फरश्या दिसतात. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडक. वाडी, मळखेड, सेडम इथले सिमेंट कारखानेही याच खडकावर चालतात.

दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि इंचभर जाड अशा चार फरश्या घ्या. वजन भरेल १०० किलोंच्या आसपास. खडक शुद्ध धरला आणि ९०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजला, तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो. राहिलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. कलबुर्गीच्या उन्हाळी हवेइतका निवल्यावर हा वायू २५ घनमीटरांहून अधिक जागा घेतो. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली छतापर्यंत भरते! त्या खोलीच्या जमिनीला फरश्या लागतात २५. सगळी खोली भरायला चारच पुरल्या.

हा हिशेब इतका सरळ आहे, कारण वायू रेणूचे वजन विचारत नाही. २ ग्रॅम हायड्रोजन, ३२ ग्रॅम ऑक्सिजन, ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड : शून्य अंशाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला प्रत्येकाला जागा लागते सुमारे २२.४ लिटर, आणि रेणूंची संख्याही तिघांत सारखीच. पंगतीत बसणारा किडकिडीत असो की धिप्पाड, पाट एकच मिळतो, तसे. रेणूंमधले अंतरच एवढे मोठे असते, की त्यांचा स्वतःचा आकार जवळजवळ हिशेबात येत नाही.

गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये दाखवले, की हायड्रोजनची दोन मापे आणि ऑक्सिजनचे एक माप मिळून वाफेची तीन नाही, दोनच मापे होतात. एका मापाचा ऑक्सिजन दोन मापांत पुरला कसा? अव्होगाड्रोने १८११ मध्ये उत्तर दिले : सारख्या आकारमानात सारखे रेणू, आणि ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा, म्हणून तो फुटून वाटला जातो. इतके स्वच्छ उत्तर, तरी पन्नास वर्षे ते बहुतेकांनी बाजूला ठेवले. १८६० मध्ये कार्ल्सरूहच्या परिषदेत कॅनिझारोने ते पुन्हा मांडले, तेव्हा अव्होगाड्रोला जाऊन चार वर्षे झाली होती. मला याची फार हळहळ वाटते.

भट्टीतून गेलेला वायू चुना परतही घेतो. विरवलेला चुना भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत पुन्हा दगड होतो. बिदरला महमूद गवानचा मदरसा १४७२ मध्ये उभा राहिला, तेव्हा हवेच्या दहा हजार भागांत या वायूचे तीन भागही नव्हते. आपल्या चार फरश्यांचा चुना पुरता दगड व्हायला सुमारे ९०,००० घनमीटर हवेतला सगळा कार्बन डायऑक्साइड खर्ची पडला असता. एवढा वारा त्या भिंतींना घासून जायचा, आणि त्यातून भिंतीने एकेक रेणू वेचायचा. चुन्याचे जुने काम वर्षानुवर्षे घट्ट होत जाते ते असे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस याच मदरशात साठवलेल्या तोफेच्या दारूचा स्फोट झाला. दोन मनोऱ्यांपैकी एक आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, तिन्ही घन. समीकरणाप्रमाणे किलोभर दारूतून तीनशे लिटरांहून अधिक वायू निघतो, तोही क्षणात, आणि स्फोटाच्या उष्णतेने तो कितीतरी पट फुगतो. त्या समीकरणात वायूचे दर चार रेणू मोजले तर एक नायट्रोजनचा निघतो. बाकीचे तिन्ही कार्बन डायऑक्साइडचे, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी त्या भिंतींनी घट्ट होताना हवेतून वेचला होता तोच वायू.