पन्नास साइजचा पिस्टन

गॅरेजवाले ज्याला ‘हाफ इंजिन’ म्हणतात ते काम ऐकायला सोपं आहे. हेड खोलायचं, ब्लॉक उचलायचा, पिस्टन-रिंगा बदलून नव्या पॅकिंगवर परत बसवायचा. त्यातून यामाहा आरएक्स १०० चं इंजिन टू-स्ट्रोक. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. म्हणून वडिलांची गाडी मी घरीच खोलली.

ब्लॉकच्या आतून बोट फिरवलं, ओरखडा लागला नाही, तेवढ्यावर नुसत्या नव्या रिंगा घातल्या. माप घेतलंच नाही. पण बोअर सगळीकडून सारखा झिजत नाही. वर, मध्ये, खाली, आणि दर ठिकाणी आडवं-उभं मोजलं तरच तो किती लंबगोल झालाय ते कळतं. ५० मिलिमीटरच्या बोअरमधून ११ हॉर्सपॉवर काढणाऱ्या इंजिनाला एवढी ढिलाई चालत नाही. कॉम्प्रेशन आलं नाही, पिस्टनचा खडखडाट तसाच राहिला. मग लेथवर बोअर करून पंचवीस साइजचा, म्हणजे मूळ मापापेक्षा किंचित मोठा, पिस्टन टाकला.

दुसरी चूक मात्र मला अजून बोचते. साफसफाई करताना टू-टी ऑईलच्या टाकीची नळी काढली होती. ती जोडली, टाकी भरली आणि निघालो. पंपात हवा अडकली होती. ऑईल पिस्टनपर्यंत पोचलंच नाही. घाटाच्या चढावर इंजिनाचा आवाज घुसमटला आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. ब्लॉक उचलला तर एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून भिंतीला फासलेलं आणि खालची रिंग खाचेतच चिकटलेली.

पुन्हा बोअर, आता पन्नास. पुढे पंचाहत्तर, मग शंभर, आणि त्यानंतर नवी स्लीव्ह. खरवडलेलं बीड परत येत नाही. नीट चालवली असती तर पंचवीसवर ही गाडी कितीतरी वर्षं धावली असती. तेवढं आयुष्य मी एका चढावर घालवलं, याचं वाईट वाटतं.

या खेपेला पंपावरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑईल वाहू दिलं. शिवाय पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही थोडं ऑईल मिसळलं. बोअर केल्यावर पोर्टच्या कडांना धार राहते, त्यात रिंग अडकून तुटते. त्या कडा लेथवाल्यासमोरच बोटानं तपासल्या आणि एक्झॉस्टची त्याच्याकडून पुन्हा मारून घेतली.