शर्यतीची हौस

शर्यतीच्या अर्जावर नाव, वय, पत्ता आणि त्याखाली एक शब्द असे : ‘हौशी’. पैशासाठी खेळत नाही तो हौशी, एवढाच त्याचा साधा अर्थ. पण या शब्दाचा इतिहास फारसा चांगला नाही. इंग्लंडात हेन्ली येथे होड्यांच्या शर्यती होतात. तेथल्या १८७९ च्या नियमांत स्वच्छ लिहिलेले होते की, मजुरीवर राबणारा कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर हा हौशी खेळाडू धरला जाणार नाही. म्हणजे ज्याच्या हाताला घट्टे, त्याला हौस करण्याचा अधिकार नाही. आपल्याकडे असे कलम कोणी छापले नाही. छापण्याची गरज पडली नाही, असे म्हणणे अधिक बरोबर.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि १९८३ ते १९९५ अशी बारा वर्षे सायकलच्या शर्यतीत उतरलो. घर दापोडीला. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते खडकीला दारूगोळा कारखान्यात होते. त्यांची काळी चोवीस इंची सायकल हीच माझी पहिली शर्यतीची सायकल. शनिवारी रात्री तिचे मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि चेनकव्हर उतरवायचे, मागचा अठरा दात्यांचा फ्रीव्हील काढून सोळाचा चढवायचा. रविवारी शर्यत झाली की संध्याकाळी सगळे पुन्हा जागच्या जागी. सोमवारी पहिल्या पाळीला दादांचा डबा त्याच कॅरिअरवर लागायचा. 

तालुक्याच्या शर्यतींत दोन गट असत, साधी सायकल आणि गिअरची सायकल. साध्या गटात सगळी आपल्यासारखीच माणसे : दूध घालणारे, पेपर टाकणारे, कारखान्यातले, खेड्यातून शाळेला आठ-दहा किलोमीटर येणारी पोरे. एकदा त्या गटात मी तिसरा आलो आणि प्रेशर कुकर मिळाला. तो अजून चालतो. गॅस्केट किती बदलले ते विचारू नका.

पुढे गिअरची सायकल घेतली, तीही जुनी. पत्नीने भिशी लावली होती, ती तिने उचलली. म्हणाली, “एवढ्यात एक म्हैस आली असती, निदान दूध तरी दिलं असतं!” पण पहाटे चार वाजता उठून बटाटे उकडून द्यायचीही तीच. खुराक म्हणजे बदाम-पिस्ते नव्हेत. भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाणे, केळी, अंडी, आणि महिन्यातून एखादे वेळी पायाचा रस्सा. शर्यतीत भूक लागल्यावर खाऊन उपयोग नसतो, लागण्याआधी खावे लागते. एकदा अंगातली ताकद सरली की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मागून येणारी म्हातारी माणसेही पुढे निघून जातात.

दुसरी पाळी असली की सराव. दापोडीहून निगडी, देहूरोड, तळेगाव, कामशेत आणि कार्ल्याचा फाटा. हा रस्ता मला नुसता रस्ता कधी वाटला नाही. देहूरोडला ज्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, ते जवळच. पुढे कार्ल्याची लेणी. तेथील चैत्यगृहाच्या दाराशी धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हातकाम करणाऱ्या माणसाचे नाव लेण्यावर येत होते! फाट्यावर सायकल टेकवून केळे खाताना माझ्या मनात हेच येई. मग घड्याळ बघायचे आणि परत फिरायचे, कारण साडेतीनला कारखान्याचे फाटक बंद.

मुंबई-पुणे शर्यत ही आमची मोठी परीक्षा. खोपोली ते खंडाळा साधारण पाचशे मीटर उंची चढायची. घाटमाथ्यावर जो पहिला, तो ‘घाटाचा राजा’. मी राजा कधी झालो नाही, राजाची पाठ मात्र लांबून पाहिली आहे. चढाच्या अधेमध्ये शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट ज्या धनगराने दाखवली त्याचे हे ठिकाण, असे सांगतात. वाट दाखवल्यावर गोऱ्यांनी त्याला गोळी घातली, अशीही कथा आहे. देवाला मी हात जोडत नाही, पण त्या वळणावर त्या धनगराची आठवण यायचीच, कारण तिथेच छाती फुटायला येते.

नवी पोरे अंगात आले की रोज शंभर किलोमीटर मारतात आणि ऐन शर्यतीत पाय जड होऊन बसतात. वर्षावासात आमच्या विहारात भन्तेंनी सोण स्थविराची कथा सांगितली होती. चालून चालून त्याचे पाय रक्ताळले, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचे विचारले : फार ताणली किंवा फार सैल सोडली तर तार वाजते का? मला तर ते चाकाच्या आऱ्यांसारखे वाटले. आरा बोटाने छेडून बघतात. ढिला असेल तर चाक डुलते, फार आवळला तर खड्ड्यात तुटतो.

आता जे सांगायचे ते सांगतो. सायकलच्या शर्यतीत वारा हा खरा शत्रू. पुढचा वारा फोडतो, मागच्याला त्याच्या आडोशाने पाव ते एक तृतीयांश जोर कमी लागतो. म्हणून पाळीपाळीने पुढे यायचे, हा रिवाज. एका जिल्ह्याच्या शर्यतीच्या आदल्या रात्री आम्हाला एका शाळेत उतरवले होते. एकाने गोड बोलून विचारले, “पाहुणे, आडनाव काय? दापोडीत कुठं राहता?” मी दोन्ही सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे घोळक्यातून सुटलो, त्यात तो होता. चाळीसेक किलोमीटर आम्ही एकमेकांच्या मागे चालवली. माझ्या मागे तो निवांत बसायचा, चाकाला चाक लावून. ऊन चढले, त्याची बाटली संपली. मी माझी पुढे केली. त्याने बाटलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही, आणि मान हलवली. पाच मिनिटांनी दुसऱ्याकडून मागून प्याला. माझ्या पाठीचा आडोसा त्याला चालत होता, माझे पाणी चालत नव्हते. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तो माझ्याच मागून सुटला. तो दुसरा आला, मी चौथा. बक्षिसे तिघांनाच होती.

घरी आल्यावर दादांना सांगितले. महाडच्या तळ्याला किती वर्षे झाली, यावर ते बोलतील असे वाटले होते. ते म्हणाले, “वारा कुठल्या अंगाचा होता?” मी म्हटले, डाव्या. “मग उजव्या कडेला चिकटून चालवायची. त्याला आडोशाला जागाच ठेवायची नाही.” दादा कधी शर्यतीत उतरले नव्हते, पण वीस वर्षे हॅरिस पुलावरचा वारा त्यांनी खाल्ला होता. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीत मी तसेच केले. तो माणूस बराच मागे पडला. मी तिसरा आलो.

खूप वर्षांनी मला मेजर टेलर या कृष्णवर्णीय सायकलपटूची माहिती मिळाली. जन्म १८७८, अमेरिकेत. तिथल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने १८९४ साली ठराव करून काळ्यांना सभासदत्व बंद केले. १८९७ साली एका शर्यतीत त्याच्या मागे राहिलेल्या गोऱ्याने शर्यत संपताच त्याचा गळा दाबून त्याला बेशुद्ध केले. तरी १८९९ साली माँट्रियल येथे तो जगज्जेता झाला. स्वतःचे चरित्र स्वतः छापून त्याने दारोदार विकले आणि १९३२ साली शिकागोत गरिबीत वारला. संघटनेने ठराव मागे घेतला तो १९९९ साली. हे वाचून मला रडू आले नाही. बरे वाटले, की त्याने लिहून ठेवले. आपल्या पोरांनीही लिहून ठेवावे.

आता माझी नात नववीत आहे आणि तिला शर्यतीचे वेड लागले आहे. विहारात एक वडीलधारे मला म्हणाले, “दहावी तोंडावर आली, सायकल चालवून पोट भरतं का?” शिक्षणाला दुसरे काही पर्याय नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण नोकरीपुरते शिकायचे आणि अंगात खेळ असला तर तो दाबायचा, हे मला पटत नाही. पैसेवाल्यांची मुले दोन्ही करतात. त्यांना कोणी पोटाचे विचारत नाही.

मुलगा कंत्राटी कामावर आहे. दुकानात लाखाच्या वरच्या कार्बनच्या सायकली पाहून तो घाबरला. मी त्याला सांगितले, वाचणाऱ्या बांधवांनाही सांगतो : सुरुवातीला कार्बन लागत नाही. अॅल्युमिनिअमची जुनी, पण मुलीच्या उंचीला बरोबर बसणारी फ्रेम घ्यावी. पैसे उरले तर चांगले टायर घ्यावेत. हेल्मेट मात्र जुने घेऊ नये. अर्धे मी माझ्या फंडातले दिले, उरलेल्यासाठी सूनबाईने भिशी लावली आहे. या घरातली ही दुसरी भिशी सायकलपायी जाते आहे, असे पत्नी म्हणते, पण म्हशीचे नाव आता काढत नाही.

येत्या रविवारी तळेगावच्या बाजूला मुलींची पंचवीस किलोमीटरची शर्यत आहे. सूनबाईची अट आहे, शनिवारपर्यंत गणिताचे दोन धडे संपले पाहिजेत. एक झाला आहे. मागच्या चाकाचा आऊट काढायचे काम माझ्याकडे आहे.